सुपारीआधीचा रूट

"काका, या फोनला रूट करायला पाहिजे," असं संदेश म्हणाला आणि जमत आलेलं स्वतःचं लग्न त्याने आपल्या हाताने धोक्यात घातलं.

तसं त्याचं फार चुकलं नव्हतं. बाळकुमच्या महिपतशेठना नव्या फोनवर साधा गजर बंद करायचा, तरी आधी रमीची जाहिरात बघावी लागे. कंपनीने घालून दिलेली ती ॲप्स काढताही येत नव्हती. त्यात कोपरच्या दोन खोल्यांत वाढलेल्या या पोराला त्यांनी लेकीच्या, ऐश्वर्याच्या हट्टापायी कसाबसा होकार दिलेला. रविवारी सुपारी फुटली की लग्न पक्कं. अशा वेळी सासऱ्यावर छाप पाडायची संधी कोण सोडील?

"रूट म्हंजी काय?"

"कंपनीने फोनला आतून कुलूप लावलेलं असतं. ते तोडायचं आणि पूर्ण मालकी आपल्याकडे घ्यायची."

मालकीच्या प्रश्नावर महिपतशेठ आजवर कोणापुढे नमले नव्हते. "तोड!" ते म्हणाले.

जाहिराती गेल्या. शेठ गावभर भावी जावयाचं कौतुक सांगत फिरले. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, तोही बायकोच्या, रतनकाकूंच्या मोबाइलवरून.

"पोऱ्या, बँकेचा ॲप उघडत नय. आन फोन चालू केला का काला पडदा येतय. काय लिवलंय, वाचू? 'या उपकरणावर भरवसा ठेवता येणार नाही.'"

"ते फोनबद्दल आहे काका."

"मना ठाव हाय. पन यो फोनला असा केला कोनी?"

संदेश सुट्टी टाकून बाळकुमला धावला. "परत पयल्यासारका व्हईल ना?" शेठनी विचारलं.

"शंभर टक्के!"

घाबरलेल्या माणसाने शंभर टक्के म्हणू नये, पण तो म्हणाला. दुपारभर खपून त्याने कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत चढवलं, कुलूप लावलं. काळा पडदा गेला, बँक उघडली. रतनकाकूंनी बोंबील तळायला घेतले. एवढ्यात शेठच्या लक्षात आलं, की फोन येतात, पण आवाजच येत नाही.

"मरूंदे. वॉरंटी हाय," म्हणून ते उठले आणि संदेशला गाडीत घालून ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. संदेशने वाटेत तीनदा "राहू द्या ना काका" म्हणून पाहिलं.

काउंटरवरच्या मुलीने फोन जोडला, स्क्रीनकडे बघितलं. "काका, हा रूट केलेला आहे."

"परत लॉक केलाय," संदेश पुटपुटला.

"हो, पण आत एक बारीक फ्यूज असतो. कुलूप तोडलं की तो जळतो. कुलूप परत लागतं, फ्यूज नाही. वॉरंटी गेली."

परतताना गाडीत संदेशचा फोन वाजला. 'पप्पा काय बोलले?' ऐश्वर्याचा मेसेज आला. 'काहीच नाही,' संदेशने लिहिलं, आणि ते लिहिताना त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहायच्या आधीच मोडला होता.

घरात पाऊल टाकताच शेठ गरजले, "रतन, गुरुजींना फोन लाव! रविवारचा कार्यक्रम रद!"

ऐश्वर्याचा चेहरा पडला. संदेशने हात जोडले. "काका, चुकलं माझं. फोन नवा घेऊन देतो, पण सुपारी..."

"सुपारी उद्याच फोरायची!"

"उद्या?"

"मंग! कंपनीनं हात वर केले. आता यो फोनचा वाली तूच. रव्वारपरत तू पलालास, तं मी कोनाच्या दारात जाऊ?"

संदेशच्या जिवात जीव आला. त्याने चटकन वाकून सासऱ्यांच्या पायांना हात लावला. शेठनी त्याच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, मध्येच थांबवला आणि त्याच्यापुढे फोन धरला.

"आशीर्वाद मंग देतो. आदी याचा आवाज आन."