बकनाथ बगळ्याची अँटेना

नदीपलीकडच्या एका जंगलात, बाळांनो, एकच टीव्ही होता. लाकडी शटरचा, चार पायांचा, कटकट वाजणाऱ्या बटणाचा. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. मलाही विचारायचं होतं, पण धीर झाला नाही.

टीव्ही साळूमावशींचा, म्हणजे म्हाताऱ्या साळिंदरबाईंचा. तो त्यांच्या बिळाच्या तोंडाशी असे आणि अँटेना समोरच्या सावरीच्या शेंड्यावर. तिथे ती धरून बकनाथ बगळा तीस वर्षं एका पायावर उभा होता.

"आलं का?" तो वरून विचारी.

"आलं, आलं... गेलं!" खालून ओरडा होई. मग तो अँटेना फिरवी. "लाईट गेली" ऐकल्याशिवाय उतरायचं नाही, हा त्याचा बाणा.

पुढे जुनं प्रक्षेपण बंद पडलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण बकनाथाला कुणी सांगितलं नाही. वाईट वाटेल ना बिचाऱ्याला! दोन वर्षं कुणी वाईट वाटू दिलं नाही.

एके दिवशी निरोप आला. मावशींची लेक टोचू शहरात शिकत होती. ती आज संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर हवामान सांगणार होती. आयुष्यात पहिल्यांदा. फक्त दोन मिनिटं.

मावशी हुप्या वानराकडे धावल्या. हुप्याने नवा सेट-टॉप बॉक्स आणला. जुन्या टीव्हीला नव्या बॉक्सची भाषा कळावी म्हणून मध्ये एक डबी जोडली. अँटेनाची वायर काढून बाजूला टाकली. बटण कटकट फिरवलं.

सातच्या ठोक्याला टोचू दिसली. काळी-पांढरी, पण दिसली!

"आलं का?"

"आलं!"

"मग आता हलत नाही!"

"काटे नीट विंचरलेत हो आज," मावशी पुटपुटल्या. डोळे पुसायलाही त्यांना सवड नव्हती.

टोचू म्हणाली, "थोड्याच वेळात नदीपलीकडच्या जंगलात विजा कोसळतील. उंच झाडावर हातात धातूची वस्तू घेऊन कुणीही उभं राहू नये."

सगळ्यांनी हळूच वर पाहिलं.

"बकनाथभाऊ, उतरा!"

"आणि चित्र कोण धरणार?"

हुप्या ओरडला, "अहो, वायर जोडलेलीच नाही!"

"मग चित्र काय तुझ्या शेपटीतून येतंय?"

"लाईट गेली!" कोल्ह्याने ठोकून दिलं.

"खोटारड्या! खाली उजेड दिसतोय मला!"

आभाळ गुरगुरलं. टोचूचं एक मिनिट अजून उरलं होतं. ती आत्ता कुठे जराशी हसली होती. मावशींनी तिला डोळे भरून पाहिलं आणि प्लग उपटला.

"लाईट गेली हो!"

बकनाथ खाली उतरला. कडाड्! सावर मधोमध चिरली.

मावशींनी प्लग पुन्हा लावला. टोचू गेली होती. केसांच्या तेलाची जाहिरात चालू होती.

"बघा," बकनाथ पंख झटकत म्हणाला, "मी खाली काय आलो, तुमची पोर गेली. झाडसुद्धा उभं राहिलं नाही!"

"खरंच की!" सगळे म्हणाले.

रविवारी बकनाथाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. वडाच्या शेंड्यावर नवी अँटेना बसली. वायर अर्थातच कुणी जोडली नाही.

तात्पर्य: कुणाचा जीव वाचवायचा असेल तर त्याला खरं सांगत बसू नये, सरळ प्लग काढावा. आणि नंतर त्याच्या सत्काराला हार आपणच न्यावा. नाहीतर लोक म्हणतात, टीव्ही या बाईनेच घालवला.