साठ अक्षरांची ओळ

आमच्या ऑफिसात पायथनमध्ये कोड लिहिताना काही चुकलं, की कॉम्प्युटर बागूल सरांच्या भाषेत टोमणा मारतो. आमचा कोड पुढे जाण्याआधी एक तपासणीचा प्रोग्राम तो वाचतो; त्याचे नियम आणि सूचना सर स्वतः लिहितात. एखादं नाव जाहीर करून वापरलं नाही, तर पडद्यावर येतं, 'ताट मांडलं, जेवायला कोणीच नाय.' एका ओळीत साठच्या वर अक्षरं गेली, तर 'ओळ निघाली चांदवडला.' आणि कोड परत. यातून सुटलेला कोड शेवटी सर स्वतः वाचतात.

सर नामपूरचे. नाशिकला येऊन वीस वर्षं झाली, पण वादात अजून अहिराणीवर येतात, 'आहे'चं 'शे' होतं. टेबल कोपऱ्यात, पाठ भिंतीला. त्यांचा पडदा कुणाला दिसत नाही. साठच का, असं विचारलं की एकच उत्तर, "नियम विचारायचा नाय, पाळायचा."

कारण न सांगता लादलेला नियम म्हणजे जुलूम, असं मी मानतो. मी पत्रक काढलं, मथळा 'साठची सक्ती मोडून काढा!' सरांना धरून आम्ही सात जण. सहा सह्या झाल्या.

सरांनी ते शांतपणे वाचलं. "मथळ्याखालचं पहिलंच वाक्य साठच्या वर गेलं," ते म्हणाले. "पण लोकशाही शे. बदलतो." आणि तिथल्या तिथे एकशेवीस करून टाकलं.

दोन दिवसांनी काही विचारायला मी पहिल्यांदाच त्यांच्या टेबलामागे गेलो. पडद्यावर माझाच कोड होता, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. माझी ओळ पडद्यात मावत नव्हती. सर ती उजवीकडे सरकवत, शेवट वाचत, सुरुवात विसरत, परत मागे येत.

"सर, डोळे?"

"डावा गेला. उजवा हाय अजून. एवढ्या अक्षरात साठच बसतात."

"मग सांगायचं ना. आम्ही सगळ्यांनी पाळलं असतं."

"दया म्हणून पाळलं असतं. आतापर्यंत मला शिव्या देत पाळत होता, ते बरं होतं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "कोणाला बोलू नको. एवढं एक काम शे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सह्या मागत फिरलो. परत साठच करा म्हणालो. कारण दिलं नाही.

"काय रे क्रांतिकारक," रूपाली म्हणाली, "सरांनी मिसळ खाऊ घातली वाटतं?"

"हो," मी म्हटलं, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.