इतक्या लांब चेंडू जात नाही

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत बैठकीच्या खिडकीची काच आत आली आणि तिच्यामागून लाल चेंडू आला. तो सोफ्यावरून उडाला, स्वयंपाकघरात शिरला आणि पिठाच्या डब्यात जाऊन निवांत पडला.

"अहो, ही काच बसेपर्यंत माझ्याशी बोलू नका," काकू म्हणाल्या. घरात बाकी सगळं काकांच्या मताने चाले. ती खिडकी तेवढी काकूंची होती.

सर्व्हेअरकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. लोकांचं जळलेलं, बुडालेलं, फुटलेलं जाऊन बघायचं आणि कंपनी त्याची भरपाई का देणार नाही हे नम्रपणे समजावायचं, यात त्यांची हयात गेली. स्वतःचं काही फुटण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी पिठाळलेला चेंडू खिशात घातला आणि मोजायची टेप घेतली.

तेवढ्यात पलीकडच्या मैदानावर पळायला गेलेली सूनबाई धापा टाकत घरात आली. ती दातांची डॉक्टर. "बाबा, जाऊ द्या ना. काच मी बसवून घेते."

"काचेचा प्रश्न नाही. जबाबदारीचा आहे," म्हणून काका निघाले.

मैदानावरच्या क्रिकेट क्लबच्या सेक्रेटरीने चेंडू बघितला, मग काकांचं घर बघितलं आणि तो हसला.

"काका, मधे उंच जाळी, जाळीमागे पाण्याची टाकी, टाकीमागे रस्ता, मग तुमचं घर. इतक्या लांब चेंडू जात नाही. जे घडूच शकत नाही त्याची भरपाई कशी देणार?"

काका थक्क झाले. हे वाक्य त्यांचंच होतं. आयुष्यभर त्यांनी ते दुसऱ्यांना ऐकवलं होतं. कानाला इतकं वाईट लागतं याची कल्पना नव्हती.

"मारून दाखवा मग," ते म्हणाले.

संध्याकाळी क्लबचे एकजात दांडगे फलंदाज आले. कुणाचा चेंडू जाळीत अडकला, एकाचा टाकीवर आपटला, त्याचं टाळ्या वाजवून कौतुक झालं. रस्ता कुणाच्याच चेंडूला दिसला नाही. काका टेप गुंडाळू लागले. इतक्यात मागून आवाज आला.

"बाबा, तो मी मारला होता."

सूनबाई दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच आली होती.

"तू?"

"सकाळी कॅप्टन म्हणाला, मॅडम, एक बॉल खेळून बघा. बघितला."

सगळे कॅप्टनकडे वळले. "माझ्याच बॉलिंगवर," तो बुटांकडे बघत म्हणाला. "कुठल्या तोंडानं सांगणार?"

सेक्रेटरीचा चेहरा खुलला. "म्हणजे घरच्याच माणसानं फोडली! मिटलं की हो काका!"

"मिटलं कसं? आधी तिनं मारला हे सिद्ध करा."

"करू की. पण तुमच्या घराकडे नको, उगाच आणखी काच जायची. मॅडम, उलट्या बाजूनं उभ्या राहा. तिकडे आमचं ऑफिस आहे, ते तर आणखी लांब."

सूनबाईने कोटाच्या बाह्या वर सारल्या. दिवसभर हट्टी दाढा उपटणारी मनगटं ती. कॅप्टनने टाकला, तिने पाय पुढे टाकून बॅट फिरवली. आवाजही मोठा झाला नाही. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, एवढासा झाला आणि काही काळ कुणालाच दिसेना. मग लांबून, अगदी लांबून, ऑफिसची काच खळ्ळकन फुटल्याचा आवाज आला.

काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. असं काही ते जन्मात पहिल्यांदा बघत होते.

सर्वांत आधी सेक्रेटरी भानावर आला. "काका! आता आमच्या काचेचं काय?"

काकांनी टेप काढली, खेळपट्टीपासून ऑफिसपर्यंत शांतपणे मोजत गेले आणि तितक्याच शांतपणे परत आले.

"इतक्या लांब," ते नम्रपणे म्हणाले, "चेंडू जात नाही."

काच काही बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघड्या खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. काकूंनी अबोला सोडला.

"अहो, डोकं जरा बाजूला घ्या. आली ती बॅटिंगला."