सदतीस अंशांचा कोसा

फळमाशीची अळी कोषात जाण्याआधी ओल्या खाद्यातून निघून बाटलीच्या काचेवर चढते. एकोणऐंशीच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी चंद्रकलाने पवनीच्या घरी अशा त्रेचाळीस अळ्या मोजल्या. सदतीस अंशांच्या उष्णतेचा अर्धा तास झटका बसला की पेशी विभागणं थांबवते, रोजची जनुकं मिटते आणि बचावाची उघडते. उघडलेल्या जागी गुणसूत्र फुगतं. तो फुगवटा सोमवारी नागपूर विद्यापीठातल्या सरांना दाखवला, तर संशोधनाची जागा मिळणार होती. पण ती शिकवायची त्या कॉलेजातली गरम पेटी कधी अळ्या भाजून काढी, कधी वीज जाऊन गार पडे. वर्षभरात झटक्याचा असा एक फुगवटा म्हणून दिसला नव्हता. आणि जागा मिळालीच तर येणार का, या सरांच्या प्रश्नाला ती दोन वर्षं ‘घरी विचारून कळवते’ एवढंच लिहीत आली होती.

माश्यांसाठी केळी घेऊन ती बाजारातून परतली, तर बाटल्या चुलीवरच्या गंजात पाण्यात उभ्या. सासूबाई, शकुंतलाबाई, पाण्यात बोट बुडवून बसलेल्या. त्यांच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या कोसे, म्हणजे रेशमाचे कोष, उकडून सूत काढायचं काम; पाण्याची ऊब बोटानेच जोखायची.

“आई, हे काय केलं?”

“काचेले कोसे लागले होते ना वो. पाखरू निघालं असतं तं सूत तुटलं असतं. आधी शेकाव लागते, मंग उकडाव लागते.”

“माशीचं कुठलं आलं सूत?”

“मले का मालूम? एवढी शिकलेली बाई गूळ-केळं चारून पोसते, तं काहीतरी निघतच असंन.”

चंद्रकलाने थर्मामीटर बुडवला. सदतीस. किती वेळ झाला, तर अर्धा तास. अळ्या अजून वळवळत होत्या. ती तशीच कॉलेजात धावली, लाळग्रंथी काढून रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रोजचे फुगवटे विरले होते. नको त्या जागी नवे, टपोरे उभे होते. नको त्या कसले, हव्या त्याच जागी.

सोमवारी सरांनी काचपट्टी पुन्हा पुन्हा पाहिली. विश्वास बसेना, म्हणून स्वतः घरी आले. शकुंतलाबाईंनी बोट बुडवलं, एक लाकूड मागे ओढलं आणि ठेवा म्हणाल्या. सरांच्या थर्मामीटरने सदतीस दाखवले. पाणी ओतून पुन्हा करायला लावलं, पुन्हा सदतीस. दोन्ही खेपेच्या अळ्यांत फुगवटे त्याच जागी.

“जागा तुमची,” चहा घेताना सर म्हणाले. “घरचे काय म्हणतात?”

शकुंतलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. “घरच्याईले कोनी विचारलंच नाही, साहेब.”

चंद्रकलाने कप खाली ठेवला.

“आई, मी नागपूरले जातो. तीन वर्षं.”