टक झाल्यावर

"आई, तुम्ही फक्त बोलत राहायचं. काहीही बोला," सून म्हणाली, तेव्हा सासूबाईंना हसू आलं. उभ्या जन्मात त्यांना लोकांनी गप्प बसायलाच सांगितलं होतं.

सून फोन बनवणाऱ्या कंपनीत होती. रस्त्यावरचं नेटवर्क वेगळं, ऑफिसातलं वेगळं. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. माणूस बोलत बोलत रस्त्यावरून आत शिरला तरी बोलणं तुटू नये, असा फोन तिला घडवायचा होता. रोज सकाळी ती सासूबाईंना फोन लावून ऑफिसात शिरे. दारात पाय पडला की ‘टक’ व्हायचं आणि पलीकडे सामसूम. पहिल्या दिवशी तर टक झाल्यावरही सासूबाई पाऊण तास बोलत होत्या. पुढे त्यांना त्याची गोडीच लागली. ऐकणारं कुणी नसलं की खरं बोलता येतं.

"परवा मोठे साहेब बघणार आहेत," जेवताना सून म्हणाली. "तुटलं तर काम दुसऱ्याकडे जाईल. पहिलं नेटवर्क सोडून दुसरं पकडेपर्यंत घोटाळा होतोय."

"मग आधी सोडतो कशाला मेला? तान्हं बाळ दुसऱ्याच्या हातात देताना त्याने नीट धरलं का बघूनच आपण हात काढतो ना?"

सुनेचा घास हातातच राहिला. मग ती ताट टाकून उठली, ती दोन दिवस धड बोलली नाही. सासूबाई मनात म्हणाल्या, झालं, रागावली.

साहेब बघणार त्या सकाळी फोन आला. दुधाचं भांडं, गळका नळ, शेजारीण असं सगळं बोलून होतंय तोच ‘टक’ झालं.

"तुटलं एकदाचं," सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "आता बोलते. उगाच शहाणपण शिकवलं तुला, चुकलं माझं. तोंडावर म्हणायला जीभ रेटत नाही. सगळ्यांना सांगते, सून घरात टिकत नाही म्हणून. पण तू निघालीस की वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीत असते. मला कुणी असं जाऊ दिलं असतं, तर मीही गेले असते गं. आणि तो तुझा साहेब, खुर्चीतला भोपळा, त्याने काम काढून घेतलं तर मीच येते तिथं."

पलीकडे पुरुषी आवाजात कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?"

"भोपळा. काम सुनेकडेच राहील, आजी. तुम्ही यायचे कष्ट घेऊ नका." मागे आठ-दहा माणसं हसली.

मग सुनेचा आवाज आला, जरा ओला. "आई, रागावले नव्हते हो. तुमचं ऐकून सुचलं म्हणून उठले. आता दुसऱ्याने धरल्याशिवाय पहिला हात सोडत नाही तो."

"मग टक कसं झालं?"

"हात बदलल्याचा आवाज तो."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "बरं. ठेव आता."

"तुम्ही ठेवा आधी."

"तू ठेव."

पलीकडे साहेब पुन्हा खोकले.