अक्शुकच्या नावातला चौकोन

"आपलं शेवटचं अक्षर संगणकात गेलं, की समुद्रावरचा सगळा बर्फ वितळला तरी आपली भाषा वितळणार नाही," पालिकेच्या माक्पाने गावाच्या सभागृहात जाहीर केलं. त्याच्या मागच्या फलकावर जिथे जिथे 'शु' हवा होता, तिथे तिथे रिकामा चौकोन छापला गेला होता. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "आज बिंगोचा खेळ लवकर आहे का?"

बाकीची अक्षरं संगणकात केव्हाच जाऊन बसली होती. बर्फाळ उत्तरेतल्या नात्तिलिक लोकांच्या लिपीतला 'शु' तेवढा बाहेर राहिला, आणि त्याच्यापायी अक्शुकच्या नावाला मधोमध भोक पडलं.

अक्शुक एक्क्याऐंशी वर्षांची निवृत्त शिक्षिका. माक्पाला तिच्या वडिलांचं नाव मिळालेलं, आणि तिथल्या रीतीने नावाबरोबर नातंही येतं, म्हणून ती चाळिशीतल्या माक्पाला 'बाबा' म्हणे आणि तो तिला 'लेकी'. वडिलांना दरडावायला मात्र ती कधी कचरली नाही.

"बाबा, नात आजउद्या बाळंत होईल. बाळाला माझं नाव द्यायचंय. चौकोनासकट देणार नाही."

"लेकी, अक्षर वापरात आहे याचा संगणकातली अक्षरं ठरवणाऱ्या समितीला पुरावा हवाय. दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातचा. एक तुझा आहे. दुसरा दुपारच्या विमानाने गेला नाही, तर फाइल बंद."

"एवढंच ना? गाव भरलंय लिहिणाऱ्यांनी."

दुसरा नमुना शोधायला माक्पाने बर्फावरची स्नोमोबाइल काढली. चर्चच्या दारावर हाताने लिहिलेली सूचना होती. तिच्यात चौकोन. शिकाऱ्याच्या घसरगाडीवर मालकाचं नाव रंगवलेलं, त्यातही चौकोन, आणि तोही पट्टी लावून काढलेला. माक्पाने गाडी परत चर्चकडे वळवली.

"पाद्रीबुवा, हे काय लिहिलंत?"

"'शु'. वीस वर्षं संगणक असाच दाखवतोय. आम्हाला वाटलं, सरकारने सुधारणा केली."

अकरा घरं झाली, अकरा चौकोन मिळाले. शेवटी तो धावपट्टीवर पोचला, तेव्हा विमानाच्या शिडीपाशी अक्शुक पाकीट घेऊन उभी होती.

"मिळाला दुसरा?"

"नाही. आधी अर्ज तरी भरतो," म्हणत माक्पाने घाईघाईने तिचं नाव लिहिलं. अक्शुकने कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे काय आहे?"

"तुझं नाव."

"हा डबा आहे. यात मासे ठेवतात."

माक्पाने पाहिलं. त्याच्याच हाताने काढलेला चौकोन, चारही कोपरे चोख.

"दहा मिनिटं," वैमानिक म्हणाला. "धुकं खाली येतंय."

"वही काढ," अक्शुक म्हणाली. "शंभर वेळा लिही."

"लेकी, मी पालिकेचा अधिकारी आहे."

"म्हणून शंभर. साध्या माणसाला पन्नास पुरले असते."

माक्पा शिडीवर बसून लिहू लागला. बाराव्या ओळीला शाई गोठली. त्याने पेन काखेत धरलं, ऊब दिली, पुन्हा लिहिलं. तिसाव्या ओळीला 'शु'ची शेपटी वळू लागली. पन्नासाव्या ओळीला विमानाचे पंखे फिरू लागले आणि वही हातातून उडू पाहायला लागली.

"लेकी, सोड आता. दुसरा नमुना नाही तर विमान थांबवून काय उपयोग?"

अक्शुकने त्याच्या मांडीवरची वही ओढली, पानं फाडली, पाकिटात कोंबली आणि पाकीट शिडी ओढायला आलेल्या वैमानिकाच्या छातीवर दाबलं.

"हा दुसरा हात नाही तर काय पाय आहे?"

उत्तर यायला तीन आठवडे लागले. बाळ तोवर अठरा दिवसांचं झालं होतं आणि घरात सगळे त्याला नुसतं 'ए' म्हणत होते. अख्खं घर माक्पाच्या संगणकाभोवती जमलं. कोणी चहालाही हात लावेना.

"'दोन्ही नमुने निर्विवाद,'" माक्पाने वाचलं. "'अक्षर मान्य.'"

अक्शुकने चष्मा पुसला, बाळाला मांडीवर घेतलं. "पुढे वाच, बाबा."

माक्पाने पत्र खाली सरकवलं.

"'एक छोटी विनंती. अंतिम नोंदीच्या अर्जात हस्ताक्षर चालत नाही. तरी सदर अक्षर कृपया टाइप करून पाठवावे.'"