वाटाणा उचलल्याचा दाखला

पहिलीच्या प्रवेशअर्जाला अठरा कागद जोडायचे होते. घड्याळजींनी सतरा जमवले आणि अठराव्याला गाडं अडलं. तो कागद असा: अर्जदार बालकाने वयाच्या नवव्या महिन्यात अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत एक वाटाणा उचलल्याचा दाखला. मुदत शुक्रवारी संपत होती. दाखला नाही तर प्रवेश नाही, आणि लेकीचं एक वर्ष पाण्यात.

लेक साडेपाच वर्षांची, लाडाचं नाव टिचकी. दुकानात बापाशेजारी स्टुलावर बसून ती चिमट्यानं मनगटी घड्याळांचे स्क्रू उचलून द्यायची. स्क्रू इतके बारीक, की एक शिंक आली तर दिवसभर शोधत बसा! त्यामुळे सोमवारी घड्याळजी असले दाखले देणाऱ्या हस्तकौशल्य कक्षाच्या खिडकीशी गेले ते छाती पुढे काढूनच.

"बाई, वाटाण्याचं काय घेऊन बसलात! हिला बुटाची नाडी बांधता येते, बटणं लावता येतात, कात्रीनं रेघेवरून कापता येतं."

खिडकीतल्या बाईंनी चष्मा पुसला. "आधीच्या टप्प्याची नोंद नाही आणि पुढचं सगळं येतं? म्हणजे ही बोटं विनापरवाना चालू आहेत."

"मग आता?"

"पूर्वलक्षी प्रात्यक्षिक द्या. उचलू दे वाटाणा."

टिचकीनं टेबलावरचा वाटाणा टिपला, बाईंच्या चष्म्याच्या डबीत ठेवला आणि वर विचारलं, "अजून आहेत?" बाईंनी एका बोटानं संगणकावर शेरा मारला: 'कौशल्य वयास न शोभणारे. नऊ महिन्यांचे बाळ आधी हात फिरवते, दोनदा चुकते, मग उचलते. अर्जदार एकदाही चुकली नाही. नामंजूर.' आणि घड्याळजींना वाटाण्याच्याच अक्षता लावून त्या म्हणाल्या, "शुक्रवारी या. नीट तयारी करून."

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "सगळे आईबाप पोरांना पुढे ढकलतात, तुम्ही मागे ओढताय!"

"चारच दिवस गं," घड्याळजी म्हणाले. "मग परत पुढे आणू."

मंगळवारी पेन्सिल मुठीत धरायची सवय झाली. बुधवारी खुळखुळा या हातातून त्या हातात, आणि तिथून थेट तोंडात. टिचकीला हा अभ्यास भलताच मानवला. गुरुवारी 'हातातली वस्तू मुद्दाम सोडणे' हा धडा होता: तिनं चमचा खाली टाकायचा, बाबांनी उचलून द्यायचा. एकेचाळीस वेळा! घड्याळजींची कंबर धरली, पोरगी मात्र खिदळून खिदळून खुर्चीवरून घसरली. संध्याकाळी फ्रॉकची बटणं आईपुढे करून म्हणाली, "तू लाव. मला शुक्रवारपर्यंत येत नाही."

शुक्रवारी कक्षात, बाईंच्या टेबलाशी, प्रात्यक्षिक काय रंगलं म्हणता! टिचकीनं वाटाण्याभोवती पंजा फिरवला, चुकली, परत चुकली, मग जीभ बाहेर काढून तो चिमटीत धरला आणि टाकून दिला. तेवढ्यावर थांबली तर ती टिचकी कसली? तिनं बाईंचा रबरी शिक्का तोंडात घातला, शाईचा पॅड स्वतःच्या गालाला आणि बाईंच्या बोटांना फासला, मुठीत पेन धरून नोंदवहीवर गरागरा गोल काढले.

"अगदी वयानुसार!" बाईंना गहिवरून आलं. "इतकं निर्मळ प्रात्यक्षिक या कक्षात आजवर झालं नाही."

आता उरली फक्त सही. बाईंनी ठसा घेणाऱ्या सहीच्या यंत्रावर बोट टेकवलं. बोटाला शाई, यंत्र ढिम्म. म्हणजे सही हातानं करणं आलं. गेली अकरा वर्षं बाईंनी बोट टेकवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यांनी पेन मुठीत गच्च धरलं आणि दाखल्याला भोक पाडलं.

"बाई, असं नाही," टिचकी म्हणाली. घड्याळजींनी तिचा फ्रॉक ओढला, पण उशीर झाला होता. "अंगठा इथे, हे बोट इथे, आणि मधलं खालून टेकायला. मुठीत बाळं धरतात."

घड्याळजी बाकीचे सतरा कागद गोळा करू लागले. गेलं, वर्ष गेलं! बाईंनी टिचकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे. मग उठून खिडकी लावून घेतली.

"हिची तीन बोटं मी पाहिली नाहीत," त्या हळूच म्हणाल्या, "आणि माझी मूठ तुम्ही पाहिली नाही. काय?"

"कसली मूठ?" घड्याळजी म्हणाले.

टिचकीनं बाईंचा हात धरून सही करवली. प्रवेश मिळाला, घरात आनंदीआनंद. फक्त दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ निघाली: पालकाने स्वतःच्या वाटाण्याचा दाखला तीस दिवसांत जोडावा, अन्यथा प्रवेश रद्द. तेव्हा हल्ली घड्याळजी दुकानात चमचे खाली टाकत बसलेले असतात. टिचकी ते उचलून देते आणि ओरडते, "बाबा, अजून फार चांगलं येतंय तुम्हाला!" लोकांची घड्याळं तशीच उघडी पडली आहेत.

हसताय? हसा. पण हे पान आत्ता कुठल्या दोन बोटांच्या चिमटीत धरलंय, जरा बघा. अगदी सफाईनं, एकदाही न चुकता. आणि तुमच्या वाटाण्याचा दाखला कुठे ठेवलाय म्हणालात?